मल्टिकास्टला एरर पाठवायची की गप्प बसायचं: नियम, दोन अपवाद आणि तपासायची रीत

टेबलावर एक बोर्ड आणि एक लॅपटॉप होता तोवर सगळं झकास चाललं होतं. मग तसेच ४८ बोर्ड एका हॉलमध्ये एकाच नेटवर्कवर लावले आणि दर थोड्या वेळानं ते नेटवर्क आचके द्यायला लागलं. टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो तेव्हा प्रकार कळला. लॅपटॉपनं २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर (एकदा पाठवून अख्ख्या गटाला ऐकू जाणाऱ्या), पोर्ट १९०० ला, एक युडीपी पॅकेट सोडलं होतं. ही एसएसडीपीची नेहमीची हाक: ‘इथं कुणी मीडिया सर्व्हर, प्रिंटर वगैरे आहे का?’ आमच्या बोर्डांवर १९०० पोर्ट उघडं नव्हतं. मग ४८ च्या ४८ बोर्डांनी इमानेइतबारे ‘पोर्ट अनरीचेबल’ अशी आयसीएमपी (नेटवर्कच्या तक्रारी आणि निरोप नेणारा प्रोटोकॉल) एरर लॅपटॉपला परत पाठवली.

एवढ्यावर भागलं नाही. बोर्डांना लॅपटॉपचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, ठाऊक नव्हता. म्हणून प्रत्येकानं आधी एआरपीचं ब्रॉडकास्ट केलं, म्हणजे ‘या आयपीचा मॅक कोणता?’ असं सगळ्यांना विचारलं, लॅपटॉपनं प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि मग एरर निघाली. म्हणजे ४८ एआरपी प्रश्न, ४८ उत्तरं, ४८ एरर. एका पॅकेटापायी १४४ पॅकेटं, आणि लॅपटॉप ती हाक लागोपाठ तीन-चारदा मारतो. त्यातले काही बोर्ड वायफायवर होते, आणि तिथं ब्रॉडकास्ट सगळ्यात मंद वेगानं जातं.

बोर्डांवरचा आयपी स्टॅक (पॅकेटं घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) मीच लिहिला होता, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. खाली लिहिलंय ते त्या दुरुस्तीच्या वेळी करावं लागलेलं काम, जरा नीट क्रमानं. स्वतःचा स्टॅक किंवा फर्मवेअर लिहिणाऱ्यांना ते थेट उपयोगी पडेल. नुसतं नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी पहिला भाग वाचून शेवटच्या तपासणीकडे उडी मारली तरी चालेल.

नियम मुळात काय आहे

एसटी स्टँडवर घोषणा होते, ‘फलटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.’ ज्यांना फलटणला जायचं नाही ते चौकशीच्या खिडकीशी जाऊन ‘मला नाही जायचं हो’ असं सांगत नाहीत. सांगायला लागले तर खिडकी बंद पडेल. मल्टिकास्टचं तेच आहे. पाठवणाऱ्याला ऐकणारे किती आणि कोण हे माहीत नसतं, त्यामुळे ‘मला हे समजलं नाही’ अशी तक्रार एका यंत्राची असली तरी ती शंभर ठिकाणांहून एकाच वेळी येऊ शकते.

इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत असतात. १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये आयसीएमपी ठरलं तेव्हा एवढं होतं की आयसीएमपी संदेशाबद्दल पुन्हा आयसीएमपी तक्रार पाठवायची नाही, आणि तुकडे झालेल्या पॅकेटाच्या पहिल्याच तुकड्याबद्दल तक्रार करायची. ऑगस्ट १९८९ मध्ये स्टीव्ह डीअरिंगच्या आरएफसी १११२ नं आयपी मल्टिकास्ट पक्कं केलं, आणि त्यातच लिहिलं की मल्टिकास्ट ग्रुपला आलेल्या पॅकेटाला आयसीएमपी एरर कधीच निघणार नाही. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, आरएफसी ११२२ आला. तो होस्टसाठीचा, म्हणजे राउटर नसलेल्या साध्या यंत्रांसाठीचा, मूळ कायदा. त्यात पाच प्रकारच्या पॅकेटांना एरर पाठवायला मनाई आहे: जे स्वतःच आयसीएमपी एरर आहे, जे ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्ट आयपी पत्त्यावर आलंय, जे लिंक लेयरवर (तार किंवा वायफायच्या पातळीवर) ब्रॉडकास्ट म्हणून आलंय, जो पहिला नसलेला फ्रॅगमेंट (पॅकेटाचा तुकडा) आहे, आणि ज्याचा सोर्स पत्ता एका विशिष्ट यंत्राचा नाही. कारणही तिथंच दिलंय. बंद पोर्टावरच्या ब्रॉडकास्टला सगळे होस्ट एकदम ओरडले की मोठं इथरनेट सेकंदभर किंवा जास्त वेळ निकामी होतं. मी हॉलमध्ये पाहिलं ते अगदी हेच, फक्त तीसेक वर्षं उशिरा. राउटरसाठी हेच नियम जून १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये आहेत.

आयपीव्ही६ साठी (आयपीची नवी आवृत्ती) मार्च २००६ चा आरएफसी ४४४३ पाहायचा. तिथं नियम तोच, पण दोन अपवाद आहेत. त्यांच्यावर पुढे थांबू, कारण बहुतेक घोळ तिथंच होतात.

पायरी १: एकच दार ठेवा

माझ्या कोडमध्ये ‘पोर्ट अनरीचेबल’ युडीपीच्या फाइलमधून निघत होती, ‘प्रोटोकॉल अनरीचेबल’ आयपीच्या फाइलमधून, ‘टाइम एक्सीडेड’ तिसरीकडून. प्रत्येक ठिकाणी तपासण्या वेगळ्या, आणि एका ठिकाणी नव्हत्याच. दुरुस्तीची सुरुवात इथून: एरर पाठवणारं फंक्शन अख्ख्या स्टॅकमध्ये एकच असावं आणि सगळे नियम त्याच्या तोंडाशी. बोलावणारा बिनधास्त बोलावू दे, पाठवायचं की नाही ते दारवान ठरवील. लिनक्समध्ये हेच आहे. आयपीव्ही४ च्या एरर आयसीएमपी-सेंड नावाच्या एका फंक्शनमधून जातात. फायरवॉलचा रिजेक्ट नियम आयसीएमपी एरर पाठवतो तीही त्याच वाटेनं, म्हणून मल्टिकास्टवर रिजेक्ट लावला तरी तो गप्पच राहतो.

पायरी २: फ्रेम कशी आली हे वरपर्यंत पोहोचवा

इथं हमखास पाणी मुरतं. आयपी पत्ता पाहून ‘हे मल्टिकास्ट’ म्हणणं सोपं आहे: २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५, म्हणजे पहिले चार बिट १११०. आयपीव्ही६ मध्ये तर पहिला बाइट एफएफ आहे का, एवढंच. पण पॅकेटाच्या आत आयपी पत्ता एकट्याचा आणि बाहेरच्या फ्रेमवर, म्हणजे पाकिटावर, मॅक पत्ता मात्र सगळ्यांचा, असंही येऊ शकतं. कुणाच्या चुकीच्या सेटिंगमुळे येतं, कधी कुणी मुद्दाम पाठवतं. आयपी लेयरपर्यंत फ्रेमचा मॅक पत्ता पोहोचलेला नसतो, म्हणून ड्रायव्हरनंच पॅकेटासोबत खूण पाठवायची: माझ्यासाठी, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, की भलत्याच कुणासाठी. ब्रॉडकास्ट असेल तर तसं आयपीला कळवणं आरएफसी ११२२ नं लिंक लेयरवर बंधनकारकच केलंय. मल्टिकास्ट फ्रेमचा स्पष्ट उल्लेख आरएफसी ४४४३ मध्ये आहे. लिनक्स ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट फ्रेमना एकच नियम लावतो: फ्रेम खास आपल्या नावानं आलेली नसेल तर आयपीव्ही४ ची एरर नाही. तुम्हीही तेच करा.

माझ्या पॅकेटाच्या स्ट्रक्चरमध्ये ही खूण ठेवायला जागाच नव्हती. एक बाइट वाढवावा लागला, आणि त्यासाठी दोन ड्रायव्हरना हात लावावा लागला. सगळ्यात जास्त वेळ या बाइटानं खाल्ला.

पायरी ३: ग्रुपचं सदस्यत्व आधी तपासा

ज्या ग्रुपचे आपण सदस्य नाही त्याचं पॅकेट आयपी लेयरच्या उंबऱ्यावरच टाकून द्यायचं. एररचा प्रश्न पुढचा. ‘नेटवर्क कार्ड फिल्टर करतंच की’ हे उत्तर पुरत नाही. आयपीव्ही४ चा मल्टिकास्ट पत्ता मॅकमध्ये बदलताना ०१:००:५ई या सुरुवातीपुढे खालचे फक्त २३ बिट घेतले जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येतात. कार्डाला त्यांतला फरक कळत नाही. शिवाय स्वस्त चिपवर फिल्टर जमत नसला की ड्रायव्हर ‘सगळं मल्टिकास्ट येऊ दे’ हा मोड लावून मोकळा होतो. माझं तेच होतं. २३९.२५५.२५५.२५० चं सदस्यत्व एकाही बोर्डानं घेतलेलं नव्हतं, तरी पॅकेट थेट युडीपीपर्यंत पोहोचत होतं.

पायरी ४: आयपीव्ही४ चं दार

आता तपासण्या. एकही लागली तर काही न करता परत फिरायचं.

१. आलेलं पॅकेट आयसीएमपी एरर आहे का? प्रकार ३, ४, ५, ११ आणि १२ म्हणजे एरर. (४ म्हणजे सोर्स क्वेंच. तो २०१२ मध्ये आरएफसी ६६३३ नं मोडीत काढला, पण जुन्या यंत्राकडून आला तर ओळखता यायला हवा.) पिंगच्या इको रिक्वेस्टला मात्र एरर पाठवता येते. ‘आयसीएमपी दिसलं की गप्प’ असं सरसकट लिहिलंत तर ट्रेसरूटचे (वाटेतले राउटर शोधणाऱ्या साधनाचे) काही प्रकार तुमच्या राउटरपाशी अडतील.

२. डेस्टिनेशन मल्टिकास्ट किंवा ब्रॉडकास्ट आहे का? सबनेटचं ब्रॉडकास्ट विसरू नका. ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही, मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) लागतो.

३. फ्रेमची खूण ‘माझ्यासाठी’ सोडून दुसरी काही आहे का?

४. फ्रॅगमेंट ऑफसेट शून्य नाही का? मधल्या तुकड्यात पोर्ट क्रमांकच नसतात, तेव्हा ती एरर पाठवणाऱ्याच्या कुठल्या सॉकेटची (प्रोग्रामच्या जोडणीची) हे त्याला कळणार नाही.

५. सोर्स पत्ता एकाच यंत्राचा नाही का? ०.०.०.०, १२७ नं सुरू होणारे, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट आणि २४० पासून पुढचे बाद. डीएचसीपीनं स्वतःसाठी पत्ता मागणारं यंत्र सोर्स ०.०.०.० ठेवूनच बोलतं, म्हणून ही तपासणी रोज उपयोगी पडते.

६. आणि सगळ्यात शेवटी वेगमर्यादा: ठरावीक वेळात ठरावीक टोकनं, आणि दर एररला एक टोकन खर्च. ती आधी ठेवली तर जी एरर जाणारच नाही तीही टोकन खाते, आणि खऱ्या एररला उरत नाही.

टीसीपीची रीसेट (जोडणी नाकारणारं पॅकेट) ही आयसीएमपी नव्हे, पण तिच्यासाठीही हाच विचार करायचा. मल्टिकास्ट पत्त्यावर एसवायएन (जोडणी मागणारं पॅकेट) आलं तर ते निमूट टाकायचं.

पायरी ५: आयपीव्ही६ चं दार आणि ते दोन अपवाद

आयपीव्ही६ मध्ये एरर ओळखणं सोपं: प्रकार १२८ च्या खाली तर एरर, नाहीतर माहितीचा संदेश. ब्रॉडकास्ट पत्ता नाहीच. शेजाऱ्याचा मॅक विचारण्यापासून सगळं मल्टिकास्टवर चालतं, त्यामुळे इथं दाराला फट राहिली तर परिणाम लगेच दिसतात. आणखी एक: रीडायरेक्टचा क्रमांक १३७, म्हणजे तो कागदावर एरर नाही, तरी त्यालाही एररनं उत्तर द्यायचं नाही असं वेगळं लिहिलेलं आहे.

पहिला अपवाद ‘पॅकेट टू बिग’, प्रकार २. आयपीव्ही६ चा राउटर पॅकेटाचे तुकडे करत नाही. मल्टिकास्ट प्रवाहाच्या एखाद्या फांदीवर १४८० किंवा १४२० बाइटांपर्यंतचीच पॅकेटं घेणारा टनेल लागला आणि राउटर गप्प बसला, तर त्या फांदीवरच्यांना काहीच मिळणार नाही आणि पाठवणाऱ्याला कारण कळणार नाही. म्हणून ही एरर मल्टिकास्टलाही पाठवायची. एका पॅकेटाला अनेक फांद्यांवरून अशा एरर येऊ शकतात, आणि पाठवणाऱ्यानं त्यांतला सगळ्यात लहान आकडा धरायचा, असं २०१७ चा आरएफसी ८२०१ सांगतो. प्रत्यक्षात ही वेळ सहसा येत नाही. आरएफसी ३५४२ नुसार मल्टिकास्टसाठी मुळातच १२८० बाइटांची किमान मर्यादा धरून पाठवणं हा डीफॉल्ट आहे. त्यातून ४० बाइटांचा आयपी हेडर आणि ८ चा युडीपी हेडर वजा जाता तुमच्या हाती १२३२ बाइट उरतात. मी तेवढ्यातच बसवतो, डोक्याला ताप नाही.

दुसरा अपवाद ‘पॅरामीटर प्रॉब्लेम’, प्रकार ४, कोड २: ओळखीचा नसलेला ऑप्शन, म्हणजे हेडरमधली जादा सूचना. हा सरसकट लागू नाही. ऑप्शनच्या क्रमांकाचे वरचे दोन बिट पाहायचे. ०० असेल तर ऑप्शन सोडून पुढे जायचं. ०१ असेल तर पॅकेट निमूट टाकायचं. १० असेल तर टाकायचं आणि पॅकेट मल्टिकास्ट असलं तरी एरर पाठवायची. ११ असेल तर टाकायचं, पण एरर फक्त मल्टिकास्ट नसेल तेव्हाच.

खरी उदाहरणं घेतली की हे डोक्यात बसतं. मल्टिकास्ट सदस्यत्वाचे एमएलडी संदेश ‘राउटर अलर्ट’ ऑप्शन घेऊन येतात. त्याचा क्रमांक ०५ (हे सगळे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर), वरचे बिट ००, म्हणून तो न कळणारं यंत्रही पॅकेट पुढे वाचतं. मोबाइल आयपीव्ही६ चा ‘होम अ‍ॅड्रेस’ ऑप्शन सी९ आहे, बिट ११, म्हणून मल्टिकास्टला शांतता. सेन्सर नेटवर्कच्या आरपीएल या राउटिंग प्रोटोकॉलनं आधी ६३ घेतला होता, बिट ०१. तो ऑप्शन नेटवर्कबाहेरच्या यंत्रांपर्यंत पोहोचला की ती अख्खं पॅकेट टाकून द्यायची. शेवटी २०२१ मध्ये आरएफसी ९००८ नं तो २३ केला, म्हणजे ००. दोन बिटांनी किती फरक पडतो पाहा.

या दुसऱ्या अपवादात धोकाही आहे, आणि आरएफसी ४४४३ तो लपवत नाही. कुणी खोटा सोर्स पत्ता लावून मल्टिकास्टवर असं १० वालं पॅकेट सोडलं, तर सगळे श्रोते त्या बिचाऱ्या सोर्सवर तुटून पडतील. मल्टिकास्ट राउटर पॅकेट योग्य दिशेनं आलं का हे बघतात, म्हणून हल्लेखोर सोर्सच्या वाटेवरच बसलेला असावा लागतो, एवढाच दिलासा. तेव्हा वेगमर्यादा इथं ऐच्छिक समजू नका. आरएफसीमध्ये टोकन बकेट सुचवलंय, आणि लहान यंत्रासाठी सेकंदाला १० व एकदम १० हे उदाहरणादाखल आकडे. माझ्या बोर्डांवर मी तेच ठेवले.

मल्टिकास्टला एरर पाठवायची वेळ आलीच तर तिचा सोर्स पत्ता म्हणून तो मल्टिकास्ट पत्ता उलटवून लावू नका. आपला स्वतःचा युनिकास्ट, म्हणजे एकट्या यंत्राचा, पत्ता लावायचा. ‘आलेल्याचा डेस्टिनेशन तोच माझा सोर्स’ हा शॉर्टकट युनिकास्टला चालतो, म्हणून ही चूक टेबलावर दिसत नाही.

पिंग वेगळं

इको रिप्लाय ही एरर नव्हे, त्यामुळे वरचे नियम तिला लागत नाहीत. पण १९९८ च्या सुमाराला ‘स्मर्फ’ हल्ल्यांनी ब्रॉडकास्ट पिंगचा असा गैरवापर केला की लिनक्स आता ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट पिंगला आयपीव्ही४ वर आपणहून उत्तर देत नाही. आयपीव्ही६ वर एफएफ०२::१ ला पिंग केलं तर देतो. एका वायरवर कोण कोण जिवंत आहे हे पाहायला ती फार सोयीची युक्ती आहे.

गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं

अ‍ॅप लिहिणारा. आयपीव्ही४ वर मल्टिकास्ट पाठवणाऱ्याला नेटवर्ककडून कुठलीच तक्रार येणार नाही हे धरूनच लिहायचं. दोन सापळे नेहमीचे. एक, टीटीएल, म्हणजे पॅकेटाचं आयुष्य: प्रत्येक राउटर ते एकनं कमी करतो. मल्टिकास्टचा डीफॉल्ट टीटीएल १ असतो. एका लॅनवर सगळं चालतं आणि राउटर मध्ये आला की पॅकेट तिथं मरतं, ‘टाइम एक्सीडेड’ येत नाही. सॉकेटवर मल्टिकास्टचा टीटीएल वेगळा वाढवावा लागतो, साधा टीटीएल वाढवून उपयोग नाही. दोन, ‘तुकडे करू नका’ हा डीएफ बिट. लिनक्सवर युडीपी सॉकेट तो बहुधा लावूनच पाठवतो. वाटेत लहान टनेल आला की राउटर पॅकेट टाकतो, आणि मल्टिकास्ट म्हणून कळवतही नाही. लहान पॅकेटं पोहोचतात, मोठी गायब. मार्गाची एमटीयू (वाटेत मावणाऱ्या पॅकेटाचा कमाल आकार) शोधणं त्या सॉकेटपुरतं बंद करा, नाहीतर पॅकेट लहान ठेवा. व्हिडिओवाले १८८ बाइटांचे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, एका पॅकेटात घालतात. हेडरसकट ते १३४४ होतं आणि बऱ्याच टनेलांतून निघून जातं. ट्रेसरूटही इथं चालत नाही, कारण तो जगतोच ‘टाइम एक्सीडेड’वर. मल्टिकास्टसाठी एमट्रेस आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१८ च्या आरएफसी ८४८७ मध्ये आहे, पण वाटेतल्या राउटरना ती यायला हवी.

तपासणी

पॅकेट हातानं घडवायला स्केपी, बघायला टीसीपीडंप. फिल्टरमध्ये आयसीएमपीसोबत एआरपीही ठेवा, कारण आधी एआरपी फुटतं.

पहिली चाचणी युनिकास्टची: बंद पोर्टावर युडीपी पाठवा, ‘पोर्ट अनरीचेबल’ आलीच पाहिजे. ही सोडली तर पुढच्या सगळ्या शांततेला अर्थ नाही. यंत्र बंद असेल तरी शांतताच असते. मग तेच पॅकेट २२४.०.०.१ ला. मल्टिकास्ट जाणणारं प्रत्येक यंत्र या ग्रुपचं सदस्य असतंच, म्हणून पॅकेट सदस्यत्वाच्या तपासणीत अडकत नाही आणि खरा कस दाराचा लागतो. उत्तर शून्य हवं. त्यानंतर आयपी पत्ता त्या यंत्राचा, मॅक पत्ता मात्र ब्रॉडकास्ट, आणि मग मल्टिकास्ट. मग सोर्स मल्टिकास्ट. मग ऑफसेट असलेला एकटाच फ्रॅगमेंट. इथं मिनिटभर थांबा, कारण काही स्टॅक तुकडे जोडण्याची मुदत संपल्यावर ‘टाइम एक्सीडेड’ पाठवतात, आणि पहिला तुकडा आलेलाच नसेल तर तीही पाठवायची नसते.

आयपीव्ही६ साठी एफएफ०२::१ ला प्रयोगासाठी राखून ठेवलेले ऑप्शन वापरा: ९ई आणि डीई. ९ई चे वरचे बिट १०, म्हणून ‘पॅरामीटर प्रॉब्लेम’ यायला हवी, आणि तिचा सोर्स युनिकास्ट. डीई चे ११, म्हणून काहीच नको. दोन्ही चाचण्यांत अंतर ठेवा, नाहीतर वेगमर्यादेनं आलेली शांतता नियमाची समजून बसाल. माझ्या दुरुस्त केलेल्या बोर्डानं पहिल्या फेरीत ९ई ला उत्तर दिलं नाही. मी उत्साहाच्या भरात मल्टिकास्टचं दार इतकं घट्ट लावलं होतं की अपवादही बाहेर अडकले होते.

एक शेवटची चाचणी वायफायवर. काही अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट फ्रेम प्रत्येक यंत्रासाठी वेगळी करून, त्याच्या मॅक पत्त्यावर युनिकास्ट म्हणून पाठवतात, वेग वाढावा म्हणून. तेव्हा ड्रायव्हरची खूण ‘माझ्यासाठी’ असते आणि आतला आयपी पत्ता २३९ चा. फ्रेमची खूण असताना आयपी पत्ता कशाला पुन्हा तपासायचा, असं वाटून मी ती ओळ एकदा काढली होती. ती परत घातली, आणि आता वर तारीख घालून टीप लिहून ठेवली आहे.